गादीवाल्यांचं नाक

४ फेब्रुवारी

नवऱ्याने नोकरी सोडली! मला न विचारता. "विचारलं असतं तर सोडता आली नसती" — हे त्याचं स्पष्टीकरण.

आता तो आणि त्याचा शाळासोबती साथीच्या तापाचं घरगुती किट विकणार. सोबती म्हणजे रसायनशास्त्रात दोनदा गटांगळ्या खाऊन आज 'संशोधक' झालेला गृहस्थ. नाकात काडी फिरवायची, द्रावणात बुडवायची, पट्टीवर थेंब टाकायचे आणि वाट बघायची. एक लाल रेघ — सुटलात. दोन रेघा — अडकलात.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "अडकल्यावर काय करायचं?"

"घरात बसायचं, आई."

"आणि स्वयंपाक?"

माहितीपत्रकात ते नाहीये.

९ फेब्रुवारी

शाळेत माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी. वरच्या मजल्यावरून खोकल्याचे आवाज. आणि आमच्या घरात आनंदाला उधाण! बातम्यांत रुग्ण वाढले की नवरा टाळीसाठी हात पुढे करतो.

"अरे, माणसं आहेत ती."

"माणसंच तर गिऱ्हाईक असतात!"

सरकारी परवानगीचं विचारलं. "येतेच आहे" म्हणे. चालत येत असावी.

१२ फेब्रुवारी

गुंतवणूकदार गळाला लागला. गाद्यांचा मोठा कारखानदार. आजवर लोकांना झोपवलं, आता आरोग्यासाठी जागं करणार! मी त्यांचं नाव गादीवाले ठेवलंय.

त्यांची अट एकच — तुम्हीही काहीतरी घाला. काहीतरी म्हणजे घर. म्हणजे सासूबाईंचं घर, सासऱ्यांनी जन्मभर जादा पाळ्या करून घेतलेलं. नवऱ्याने गहाणाचे कागद आईपुढे ठेवताना नजर मात्र पंख्यावर ठेवली.

सासूबाई म्हणाल्या, "करते सही. आधी तो माणूस बघू दे."

१५ फेब्रुवारी

काय दिवस!

किट घरगुती, म्हणून बैठकही घरातच. गादीवाल्यांनी आल्या आल्या आमचा सोफा दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. जित्याची खोड!

सासूबाईंचं आज नामकरण झालं — 'वापरकर्ती'. आजीला जमलं म्हणजे कोणालाही जमतं, असा मुद्दा. त्यांनी नाकात काडी घातली, तीन सणसणीत शिंका दिल्या, एक रेघ आली. टाळ्या!

"वापरकर्तीचा अनुभव कसा होता?" गादीवाल्यांनी विचारलं. सासूबाईंना नाही — नवऱ्याला!

"वापरकर्तीला कानही आहेत," सासूबाई म्हणाल्या.

मग गादीवाल्यांना उमाळा आला. "होऊन जाऊ द्या माझीही!" टेबलावर कागदांचा पसारा, त्यामुळे त्यांची पट्टी सासूबाईंनी ताटात ठेवून आत स्वयंपाकघरात नेली. तेवढ्या वेळात गादीवाले साथीतल्या 'संधी'वर बोलले. त्यांच्या तोंडी आजार हा शब्द एकदाही आला नाही. सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या.

दोन रेघा!!

संशोधक एका उडीत खिडकीपाशी. गादीवाले ओरडले, "मला काहीही झालेलं नाही! तुमचं किट चुकलंय!"

नवऱ्याची इकडे आड, तिकडे विहीर. किट चुकलं म्हणावं तर धंदा बुडाला, बरोबर म्हणावं तर पैसेवाला रुसला. शेवटी म्हणाला, "किट अगदी बरोबर आहे, साहेब. पण तुमची तब्येतही ठणठणीत आहे."

"पुन्हा करून बघायची का?" मी विचारलं.

"पुन्हा नाक? अजिबात नाही!" आणि पायात बूट अर्धवट घालून ते जिना उतरले.

नवरा डोकं धरून बसला. सासूबाई कपबश्या विसळत होत्या. गुणगुणत होत्या, खरं तर.

१६ फेब्रुवारी

गादीवाले फोन उचलत नाहीत. नवरा जेवत नाही. गहाणाचे कागद कपाटात परत गेले. मी चांगली झोपले.

२० फेब्रुवारी

उलटलं सगळं! गादीवाले तापाने फणफणले, हॉस्पिटलातल्या तपासणीत तोच विषाणू निघाला. अंथरुणातूनच फोन — "मला साधी शिंकही नव्हती, तेव्हा तुमच्या किटने पकडलं! मी पैसे घालतो!"

माणूस तिकडे कण्हतोय, इकडे नवरा नाचतोय. सासूबाईंच्या हातून कप निसटून फुटला. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "हात ओले होते."

२१ फेब्रुवारी

गहाणाच्या कागदांवर सही झाली. त्याआधी सासूबाईंनी पेनाचं टोपण तीनदा लावलं आणि काढलं.

६ मार्च

नवऱ्याने नवा कोट घेतला. संशोधक आता भाषणं देतो. तपासणी आधीच केल्याने जीव वाचल्याचं गादीवाले जिथे-तिथे सांगतात, आणि ऐकणारे पैसेवाले आमच्या दाराशी रांग लावतात. किटचे पहिले खोके वृद्धाश्रमाला गेले. फुकट! फोटोसाठी.

परवानगी अजून चालतेच आहे.

११ मार्च

पहाटेपासून अंग कसकसतंय, घसा धरलाय. घरचंच किट — केली तपासणी. एक रेघ.

"बघ! काही नाही तुला," नवरा म्हणाला. "उगाच रजा कशाला घालवतेस?" आणि खाली गाडीत जाऊन बसला. मी पर्स उचलली, तर सासूबाई दारात आडव्या.

"जाऊ नकोस. पोरांच्यात बसायचंय तुला."

"आई, एकच रेघ आहे."

"एकच येणार. त्या गादीवाल्यांचीही एकच होती."

मला कळेना. त्यांनी पदर तोंडाला लावला. "दुसरी मी ओढली. तुझ्या पेपर तपासायच्या लाल पेनाने."

"का पण?"

"घर वाचवायला! म्हटलं, घाबरून पळेल. पळालाही! मेल्याला खरंच ताप येईल हे मला काय ठाऊक? आणि मग पोराचं तोंड एवढं फुललं... माझी जीभ उचलेना."

मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. खोकता खोकता वृद्धाश्रमाचे खोके आठवले — तिथेही सगळ्यांना एकच रेघ येणार!

शाळेत नाही, थेट हॉस्पिटलात गेले.

१२ मार्च

मला तोच आजार आहे. घरीच वेगळी खोली, दार बंद.

मघाशी पलीकडून नवऱ्याचा आवाज, अगदी हळू — "आईने सांगितलं सगळं... तू आणखी कोणाला बोललीस?"

"आधी वृद्धाश्रमाला. मग आरोग्य खात्याला. मग गादीवाल्यांना."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि सासूबाई — "बस आधी. पाणी पी. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. पहिल्या मला."