रेडिएटरमधली हळद

बसवनगुडी, मंगळवार, १९ मे १९५९

इथल्या शिवाजीनगरच्या मिस्त्रीने आज आमच्या पिकअपचा जुना रेडिएटर काढून नळ्यांच्या तीन ओळींचा जाडजूड नवा बसवला. घाटात गाडी उकळायला नको म्हणून. जुना उघडला तर आत पिवळा चिखल. नळ्या पार बुजलेल्या.

"यात हळद कुणी घातली?" मिस्त्रीने विचारलं.

मी घातली होती. हळदीने गळती थांबते असं ऐकलं आणि आईच्या डब्यातली मूठभर टाकली, कुणाला न सांगता. परवा नंदीच्या डोंगराच्या चढावर गाडी उकळली, झाकण काढताना आमच्या ड्रायव्हरचा, बसप्पाअण्णांचा, हात भाजला. आणि मी भर रस्त्यात त्यांच्यावरच ओरडलो, "पाणी बघत नाही तुम्ही!"

आज मी बोलणारच होतो... खरंच होतो का? नाही. नव्या रेडिएटरकडे बघत उभा राहिलो. अण्णाच त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "मीच घातली. स्वल्प जास्त झाली." मिस्त्री हसला. मीही हसलो. का हसलो मी?

येताना उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. अण्णा एवढंच बोलले, "आता नुसतं पाणीच घालू या, सरी? ठीक?" म्हणजे त्यांना माहीत होतं. परवा हातावर उडालेलं पाणी पिवळंच असणार. तरी माझं ओरडणं ऐकून घेतलं.

घरी आल्यावर आईने त्यांचा हात पाहिला आणि मला हळदीचा डबा आणायला सांगितला. मी आणला. अण्णांनी हात पुढे केला.