पाणी चावतं

३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. इकडे बाबा ठीक, मी ठीक, गोठा ठीक नाही. पत्राला कारण तुझं यंत्र.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू गोड बोलतोस, आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की बोलायचं ते राहूनच गेलं. कागद मध्येच बोलत नाही.

तर ऐक. पाणी शुद्ध करणारं ते पांढरं कपाट भिंतीला लावून तू गेलास त्याला साडेतीन महिने झाले. बोअरच्या पाण्यात लोह आहे, हौदाच्या तळाला शेवाळ धरतं, गाई पोटभर पीत नाहीत म्हणून दूध कमी देतात, असं तू मला शिकवलंस. एक लिटर दुधामागे गाईला चार लिटर पाणी लागतं, हेही शिकवलंस. मला! तू पाठीला दप्तर अडकवून शाळेत जायचास तेव्हापासून मी धारा काढते. तरी गप्प बसले. माझा सिमेंटचा हौद फोडून तू स्टीलचा बसवलास, मोटार बसवलीस, कुठली गाय किती पाणी प्यायली ते तुझ्या मोबाइलवर दिसायला लागलं. पहिला महिना दूध वाढलंही. वाढलं ते वाढलं म्हणते, उगाच खोटं कशाला बोलू.

मग उतरायला लागलं. दोनशे दहा लिटरवरून एकशे चाळीसवर आलं. बावीस गाई हौदापाशी जातात, थबकतात, मागे फिरतात. मास्तरीण आठवते ना, चारा टाकणाऱ्याकडे आधी टक लावून बघायची आणि मगच खायची, ती? ती पार आटली. मागच्या आठवड्यात तिला व्यापाऱ्याच्या गाडीत चढवलं. तिने वळून बघितलं वगैरे काही लिहिणार नाही. मुकाट चढली.

तुझा माणूस दोनदा येऊन बाटल्या भरून घेऊन गेला. पाणी उत्तम आहे, म्हणे. पाणी उत्तम, गाई पीत नाहीत, आणि वेडी मी.

म्हणून दूध संस्थेच्या सचिवांकडे लेखी तक्रार दिली आहे. यंत्र पाण्यात औषध जास्त सोडतं, असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. सोमवारी, सोळा तारखेला, बैठकीत ती वाचली जाईल. ज्या सहा गोठ्यांत तुझी यंत्रं बसायची होती तिथे ती बसणार नाहीत. चांगली नोकरी सोडून तू यात उडी घेतलीस, हे मला माहीत आहे. माहीत असून सही केली.

बाबांचा गोंधळ वाढलाय. मला आईच्या नावाने हाक मारतात. अनवाणी गोठ्यात जातात, हौदात हात घालतात आणि ओरडतात, "पाणी चावतं गं." पाणी चावतं! शेवटी गोठ्याच्या दाराला कडी घातली. आता दिवसभर पायरीवर बसून असतात.

यंत्र काढून ने.

गोठा सांभाळणारी


१० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तीन ओळी. मी पानंच्या पानं भांडले आणि तू तीन ओळींत मोकळा. लहानपणीही असाच होतास. मी घर डोक्यावर घ्यायचे आणि तू कोपऱ्यात बसून रेडिओचे स्क्रू काढायचास.

"गाई पाणी ओढून पितात की जिभेने चाटतात ते बघ. मोटारीच्या अर्थिंगची सळई जागेवर आहे ना? बाबा नेमकं काय म्हणाले?"

गाय पाणी कसं पिते हे तू मला विचारणार. दोन दिवस रागाने बघितलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुधाची भांडी घासता घासता लक्ष गेलं. चाटतात. तोंड बुडवून घोट घेतच नाहीत. मांजरासारखं जिभेचं टोक लावतात आणि मान मागे घेतात. मग मी त्याच हौदातलं पाणी प्लॅस्टिकच्या बादल्यांत भरून त्यांच्यापुढे ठेवलं. चार गाईंनी चार बादल्या बघता बघता रिकाम्या केल्या. म्हणजे पाण्यात खोट नाही, हौदात आहे. पण हौदही तुझाच.

वायरमनला बोलावलं. त्याने हौदाच्या काठाला मीटर लावला आणि आधी मोटार बंद केली. मोटारीतून करंट गळतोय, म्हणाला, अगदी थोडा. बूट घातलेल्या माणसाला कळायचाही नाही, पण गाईचे चार पाय ओल्या जमिनीवर आणि जीभ पाण्यात. तुझी मोटार गळते, लिहून ठेव. मी दिवसभर गमबुटात असते, मला काय स्वप्न पडणार होतं?

मोटार बंद असल्यामुळे बावीस गाईंना मी बादल्यांनी पाणी घालते आहे. तुझ्या मोबाइलवर माझी कंबर दिसत नसेल.

सळईचं विचारलंस. आहे की सळई. जाईल कुठे?

बाबांचं मागच्या पत्रात लिहिलंय. ते पुन्हा लिहिणार नाही.

तक्रार अजून सचिवांकडेच आहे. मोटार यंत्राबरोबर आली, यंत्र तुझं, म्हणजे तक्रार खोटी नाही, असं मला वाटतं. वायरमनला काय वाटतं कोण जाणे. जाताना तो एकदा माझ्याकडे आणि एकदा वासरांच्या फाटकाकडे बघत होता. मी त्याला चहाही विचारला नाही.

ताई


१७ मार्च

प्रिय धाकट्या,

सळई आहे असं मी लिहिलं होतं. जागेवर आहे असं लिहिलं नव्हतं. तू ओळखलं असणार, म्हणूनच परत विचारलं नाहीस. तुझ्या या गप्प बसण्याचा मला जन्मभर संताप आलाय.

सळई मी उपटली. तू गेलास त्यानंतर महिन्याभराने. चाऱ्याच्या गाड्याचं चाक रोज तिला अडायचं. पण ते निमित्त. बसवताना तू म्हणाला होतास, "ताई, हिला हात लावू नकोस." हिला हात लावू नको, ते बटण दाबू नको. माझ्या गोठ्यात मला नको म्हणणारा तू कोण? तार पिळून सोडवली, सळई हलवून हलवून वर काढली. वरून तांब्याचा पत्रा चढवलेली, चांगली जाड. टाकवेना, म्हणून वासरांच्या फाटकाला अडसर केली. तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ ती माझ्याच हाताने सरकवत होते.

मोटार गळली ती तुझी. पण गळलेला करंट सळईतून जमिनीत जायचा, तो मी हौदात ठेवला. मास्तरीण त्यापायी गेली. ती कुठे आहे म्हणून व्यापाऱ्याला तीनदा विचारलं, तो सांगत नाही आणि मला कळायचं ते कळलंय.

वायरमन गेला त्या दिवशी तुला पत्र टाकलं आणि गोठ्यात आले. मोटारीचं बटण दाबलं. बूट काढले. ओल्या फरशीवर उभी राहिले आणि हौदात हात घातला. मुंगळा डसावा तसं झालं. मी हात मागे घेतला, अगदी त्या गाईंसारखा. बाबा पायरीवरून बघत होते. म्हणाले, "सांगत होतो ना." आणि मला माझ्या नावाने हाक मारली.

मला तिथेच रडू फुटलं. इतके दिवस तो माणूस खरं सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर कडी घातली. आयुष्यभर अनवाणी गोठ्यात वावरलेला माणूस, त्याला मी पायरीवर बसवून ठेवला.

काल बैठक झाली. सचिवांनी चष्मा लावून तक्रारीचा कागद उघडला. ते वाचायच्या आत मी सळई त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "तक्रार खोटी आहे. औषधाचं काही नाही. ही मी उपटली." पाठीमागून एक जण म्हणाला की बाईपेक्षा गाईंना जास्त कळत होतं, आणि सगळे हसले. हसू दिलं. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

मोटार गळते हेही सांगितलं. तुला वाचवायला गेले नव्हते, खरं सांगायला गेले होते. सहापैकी दोघं यंत्र घेणार आहेत. चौघं म्हणतात आधी मोटार बदला. चौघांचं बरोबर आहे. मोटार बदल, आणि सळई कुणी उपटली तर मोटार आपोआप बंद पडेल असं काहीतरी कर. तू हुशार आहेस ना? मग हेही धर, की माझ्यासारखी हट्टी बाई प्रत्येक गोठ्यात एक तरी असते. तुझ्या कागदांवर सगळे शहाणे असतात.

आता माझा खरा राग ऐक. सात वर्षं तू इकडे फिरकला नाहीस. आलास तो यंत्र घेऊन. दोन दिवस राहिलास, हौद मापलास, पाणी मापलंस, गाईंचे घोट मोजलेस, आणि बाबांपाशी दहा मिनिटं बसला नाहीस. ते दाराशी उभे राहून तुझ्याकडे बघत होते. मला वाटतं सळई मी त्याच दिवशी मनात उपटली होती. चाक नंतर अडलं. हे मी माफी म्हणून लिहीत नाहीये. माफी मास्तरणीची मागायची होती, ती आता मागता येत नाही.

वायरमनने सळई परत ठोकली आणि माझी जुनी मोटार तात्पुरती जोडून दिली. त्याला या वेळी चहा पाजला. गाई तोंड बुडवून पितात. घोटांचा आवाज येतो, तो मी विसरूनच गेले होते. दूध चढतंय, हळूहळू.

दाराची कडी मी काढून टाकली, खिळ्यांसकट. सकाळी बाबा सगळ्यांच्या आधी गोठ्यात जातात, हौदात हात घालतात आणि मोठ्याने सांगतात, "नाही चावत." मग मी गाई सोडते.

नवी मोटार घेऊन तू स्वतः ये, माणूस पाठवू नकोस. बसवून झाली की बूट काढून बाबांशेजारी उभा राहा. ते हात घालून सांगतील तेव्हाच ती चालू राहील.

अजून रागात, पण अनवाणी,
तुझी ताई