आरतीनंतरचं आमेन

सुदेशदादा,

परवा आरती संपल्यावर सगळे "मोरया" ओरडले आणि माझ्या तोंडून "आमेन" निघालं. तू टाळ आपटलेस. "या घरात हे चालणार नाही," म्हणालास आणि प्रसाद न घेताच पुण्याला गेलास.

ते का निघालं, ते तुला सांगितलंच नाही. माझ्या छातीत गाठ आहे रे. उद्या बायोप्सीचा रिपोर्ट येईल. जाम टरकलेय मी. कळव्याला मैत्रिणीकडे प्रार्थनेला जाते. तिथे येशूचं नाव घेतलं की कोणीतरी हात धरल्यासारखं वाटतं. घरी आले की परत भीती वाटते, मग मी परत नाव घेते. आता ते आपोआप तोंडात येतं.

आज आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "उद्या मी येते सोबत. रिक्षात मी रामरक्षा म्हणेन, तू तुझं म्हण. पण हळू म्हण गं, माझं चुकतं."

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू भांडण विसरून धावत येशील, आणि मग मला खरंच काहीतरी झालंय असं वाटेल.

तुझ्यावर अजिबात न रागावलेली,
रसिका
शहाड