परक्याच्या हातचं

४ ऑक्टोबर १९४३, नळदुर्ग.
शाळाखात्याने मला रिटायर केलं. चूक त्यांची. भाचा मल्लिनाथ लिहितो, "मावशी, एकट्या राहू नका, सोलापूरला या." म्हणजे त्याच्या बायकोच्या स्वयंपाकघरामागची खोली, वर तिचे उपकार. अजिबात नको. माझी कमाई सुरू झाली की त्याचं तोंड बंद होईल. कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते तेव्हा मदर सुपीरियरचा बुलडॉग फक्त माझं ऐकायचा. आजपासून व्यवसाय : डॉग ट्रेनिंग.

६ ऑक्टोबर.
कामवाल्या इरम्माला सांगितलं. ती हसत हसत खालीच बसली. "अवो बाई, कुत्र्याला शिकवायला पैसं कोन देनार? त्ये फुकट भुकतंय की!" पायोनियर लोकांच्या नशिबी हेच असतं.

१८ ऑक्टोबर.
पहिलं गिऱ्हाईक! अणदूरचे उत्तरेश्वर पाटील. चोरांनी त्यांच्या वाघ्याला भाकरी टाकली आणि शेंगांची पोती नेली. वाघ्या शेपूट हलवत त्यांना वेशीपर्यंत पोचवून आला. पाटील म्हणाले, "परक्याच्या हातचं खायाचं न्हाय, येवढं शिकवा. मग गावातली समदी कुत्री तुमच्याकडंच धाडतो. फकस्त चंपाषष्ठीला त्ये घरी पायजे." का, ते विचारलं नाही. लोकांच्या धर्मात मी नाक खुपसत नाही.

१९ ऑक्टोबर.
वाघ्या हे काय नाव? आजपासून हेक्टर. अजून ओ देत नाही.

२ नोव्हेंबर.
माझी पद्धत : इरम्माच्या हातच्या भाकरीत मिरचीचा ठेचा, माझ्या हातच्या भाकरीत तूप. इरम्मा म्हणते, "खंडोबाचं कुत्रं हाय, पाप लागंल." परीक्षा देवाच्या कुत्र्यालाही चुकत नाही, असं सुनावलं.

२१ नोव्हेंबर.
संपूर्ण यश. इरम्मा दिसली की हेक्टर खाटेखाली. पोस्टमन, दूधवाला, कुणाच्याच हातचं खात नाही. फक्त माझ्या. इरम्माने विचारलं, "मग घरी गेल्यावर त्याला चारनार कोन?" किरकोळ मुद्दा. मल्लिनाथला कळवलं : व्यवसाय वाढतो आहे, मला सवड नाही.

२ डिसेंबर.
हेक्टर अणदूरला गेला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. शिस्त!

३ डिसेंबर. चंपाषष्ठी.
दुपारी पाटलांची बैलगाडी मला न्यायला धावत आली. त्यांच्या घरची रीत अशी, की खंडोबाचा रोडगा-भरिताचा नैवेद्य आधी घरच्या कुत्र्याने खायचा, मग माणसांनी. पाटलांच्या मातोश्री धुरपताबाई सकाळपासून ताट पुढे करून बसलेल्या, आणि हेक्टर तोंड फिरवून. पाहुणे उपाशी. मला आनंदच झाला. एवढ्या लोकांसमोर डेमॉन्स्ट्रेशन आयतं कुठे मिळतं? दारातच बायकांनी मला भंडारा लावला : कपाळाला, हातांना, साडीलाही. मी रोडगा मोडून पुढे केला. हेक्टरने माझी बोटं हुंगली आणि मलाही पाठ दाखवली.
हळदीने माझा वास गेला होता, उघड आहे. ट्रेनिंग पक्कं असल्याचा याहून मोठा पुरावा नाही, असं मी सर्वांना समजावलं. धुरपताबाई रडायला लागल्या. "देवानं तोंड फिरवलं माय आमच्यापासनं, आन् ही बया पुरावं सांगतीय!"
शेवटी देवळापुढचं एक लूत लागलेलं कुत्रं उचलून आणलं. त्याने रोडगा खाल्ला, भरीत खाल्लं, द्रोणही खाल्ला. लोक त्याच्या पाया पडले. काय स्टँडर्ड!

४ डिसेंबर.
पाटील आले आणि हेक्टरला माझ्या दारात बांधून गेले. "ठिवून घ्या बाई. तुमचंच झालंय आता त्ये. आन् गावातलं दुसरं कुत्रं यील, ही आस सोडा." फीचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मीही नाही.

१२ डिसेंबर, सोलापूर.
हवापालट हवा आहे, असं मल्लिनाथला कळवून निघाले. ड्रायव्हरच्या मेहरबानीने हेक्टर सर्व्हिस मोटारीत माझ्या पायाशी. निजामाच्या हद्दीवर, करोडगिरी नाक्यावर, जकातीच्या झडतीसाठी मोटार थांबली. शेजारच्या बाईने भाकरीचं फडकं सोडलं आणि एक तुकडा त्याच्यापुढे धरला. हा परक्याच्या हातचं खात नाही, असं मी तिला बजावलं.
हेक्टरने तुकडा खाल्ला. तिचा हात चाटला. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले.
"लई गुणाचं हाय. तुमचंच का वो?"
मी खिडकीबाहेर पाहिलं आणि नाही म्हणाले.