ओझ्याचा वाटा

भाऊ, तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं झाली. तुमच्यामागे आपल्या मच्छीमार सोसायटीची लिखापढी अजून माझ्याकडेच आहे, पण तुमच्या लाल वह्या कपाटात गेल्या आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. सातवी नापास माणसाला त्याची भीती वाटते. बंद करताना मी तीनदा बटण पाहतो, आणि घरी पोचल्यावर पुन्हा जीव खालीवर होतो, की लिहिलेलं राहिलं की उडालं.

आपले पाचही तलाव तुम्हाला पाठ होते. या मशीनमध्ये प्रत्येक तलावाचा वेगळा खाना आहे. बर्फ, टेम्पो, राखणदाराचा पगार असा सगळ्यांचा मिळून झालेला खर्च ते आपोआप पाच खान्यांत वाटतं. हिस्से तेवढे आपण एकदा ठरवून द्यायचे. मी प्रत्येकासमोर वीस टक्के लिहिलं. दुसरं काही सुचलंच नाही. आपल्या पाळीवर, तलावाच्या बांधावर, माशांचे ढीग पडतात ते सारखे. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा, आणि पाठमोरा नाव सांगतो. अध्यक्ष असो की एकटी बाई, ढीग तेवढाच. तोच न्याय मी मशीनला शिकवला.

वर्षाअखेर जंगलाकडचा लहान तलाव तोट्यात निघाला. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या सालापासून त्याचा ठेका सोडून देऊ. तिथली अकरा घरं त्या पाण्यावर जगतात. त्यांच्यातली एक म्हातारी ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसली. "आमचे मासे दोन टोपल्यात मावते. मंग तोटा एवढा मोठा काऊन?" मी पडद्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "त्याले नाई. तुले विचारून राह्यली मी."

त्या दिवशी तुम्ही आठवलात. मी सोसायटीत नवा होतो. ओली जाळी गावात न्यायची होती आणि मी शहाणपणानं चार सारखे गठ्ठे करून चौघांच्या खांद्यावर दिले. त्यांत एक दमेकरी म्हातारा होता. अर्ध्या पाळीवर तो खाली बसतो, गठ्ठा चिखलात पडतो, आणि तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणता, "खायचा वाटा सारखा असते रे. ओझ्याचा नाई. ओझं खांदा पाहून देते माणूस." तेव्हा मला तुमचा रागच आला होता.

मग मी हट्टाला पेटलो. तीन दिवस एसटीनं तालुक्याच्या गावी, मूलला, जाऊन कॉम्प्युटर क्लासच्या बाईसमोर बसलो. ती म्हणाली, "काका, सारखेच हिस्से पाहिजे असं कोणी सांगतलं? किलोवर टाका, फेऱ्यावर टाका. तुम्ही सांगान तसं वाटते ते." बर्फ मी माशांच्या किलोवर टाकला, राखणदार पाण्याच्या आकारावर. टेम्पो अंतरावर टाकला तर त्या लांबच्या तलावाचा भार उलट वाढला. तोही लपवला नाही. चुकलो, पुसलं, पुन्हा केलं. शेवटी तो लहान तलाव तोट्यातून बोटभर वर आला. कागद सभेत ठेवला. ठेका राहिला.

अध्यक्ष म्हणाले, "एवढं महागाचं डबडं, अन् त्याले साधे हिस्से पाडता येत नाई." सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारी सुक्या मासोळ्यांची पुडी घेऊन आली, आणि मी ती घेतली. पुढच्या सभेत उभं राहून सांगायचं, हे मी पक्कं केलं आहे; तोवर तुम्हाला लिहिलेला हा कागद तुमच्या शेवटच्या लाल वहीत राहील. ते वीस-वीस टक्के मशीननं नाही, मी लिहिले होते, भाऊ. पुडी अजून उघडलेली नाही.