रंगारणीची नखं

आदरणीय सर,

तुमच्या कादंबरीतली प्राचीन काळातली रंगारीण सगळ्यांना आवडली. तिच्या हातांना निळीचा उग्र वास येतो, म्हणून जेवताना शेजारी कोणी बसत नाही. पाहुणे आले की ती निळी नखं मुठीत लपवते. हे माझ्या टिपणांत होतं. "कुठल्या ग्रंथात सापडलं?" तुम्ही विचारलंत.

"माझी आई कापड रंगवते, सर."

"अगं, आई म्हणजे काय संदर्भ झाला?" तुम्ही हसलात. वाक्यं मात्र ठेवलीत.

प्रकाशनाला आई आली होती. "दोन वर्षं ग्रंथालयं पालथी घातली, तेव्हा ही बाई सापडली," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा पहिली टाळी तिचीच होती. मग ती सहीसाठी रांगेत उभी राहिली. सही झाल्यावर पुस्तक घ्यायला तिने हात पुढे केले. तुम्ही तिची नखं पाहिलीत आणि पुस्तक टेबलावर ठेवलंत.

आईला वाचता येत नाही. घरी येताना तिने विचारलं, "शेवटी काय होतं गं तिचं?"

"राजपुत्र भर दरबारात तिचे हात हातात घेतो."

आई खो खो हसली. "काहीतरीच! तुझ्या सरांनी कधी रंगारीण पाहिलीय का?"

पुढच्या कादंबरीसाठी कुंभारांची टिपणं सोमवारी आणते. हे पत्र मात्र माझ्याकडेच राहील.

आपली,
संशोधन साहाय्यक