शटर बंद असताना

गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय शंकासूर,

तुझा पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून मिळवला. "बारा वर्षांनी आठवण झाली का?" एवढंच विचारून तिने तो दिला. तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि मुलं तुला अजिबात घाबरत नाहीत, हेही तिनेच सांगितलं. गुडघे कसे आहेत? माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. आई माझ्याकडेच असते. तिला हल्ली कमी ऐकू येतं आणि ते मला सोयीचं वाटतं, याची लाज वाटते.

प्रयोगशाळा तशीच आहे. शिशाचा जाड दरवाजा अजून करकरतो. सर पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. आपल्या त्या आलेखाचं मोठं चित्र करून त्यांनी माझ्या खोलीबाहेर लावलंय. मधे उंचवटा असलेला, तोच. आत जाताना तो उजव्या हाताला, बाहेर येताना डाव्या. दुसरा रस्ता नाही.

निळं द्रावण तापवायचं आणि त्यात कॉपर नायट्राइडचे नॅनोकण कसे जन्मतात ते क्ष-किरणांनी पाहायचं, एवढंच तर आपलं काम. कण बनण्याआधी तांबं एक मधली पायरी घेतं, तो उंचवटा म्हणजे ती पायरी, असं आपण छापलं. त्यावर सरांना मान मिळाला, मला ही खुर्ची मिळाली, पाच जणांचे प्रबंध उभे राहिले. तुझं म्हणणं एकच होतं: ही पायरी तांब्याची की आपल्या क्ष-किरणांच्या बीमची? सतत किरण मारले तर तांबं बदलणारच. एकदा किरण अडवणारं शटर बंद ठेवून तापवूया, मधे क्षणभरच उघडून बघूया.

"हिला स्वतःच्या सावलीचाही पुरावा लागतो," सर म्हणाले होते. आपण सगळे हसलो होतो. तूही.

गेल्या महिन्यात माझी विद्यार्थिनी खोलीत आली. तिची पद्धत नवी आहे, शटर क्षणभर उघडायचं आणि लगेच मिटायचं. सहा वेळा करूनही तिला उंचवटा सापडेना. डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय. सॉरी."

मी तिला सातव्यांदा करायला सांगितलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं. आता राहू दे.

गुडघे, चष्मा, आईचे कान ज्यासाठी मधे आणले, ते लिहिते. तू सुट्टीवर होतीस त्या मंगळवारी मी तू म्हणालीस तसं शटर बंद ठेवून, मधे क्षणभरच उघडून तापवलं होतं. उंचवटा नव्हता. पुन्हा केलं. नव्हताच. कण मात्र झाले होते, छान तपकिरी. वहीत मी "नमुना खराब" असं लिहिलं. तू आल्यावर मी तुला म्हणाले, "बघितलं मी करून. काही फरक पडत नाही." सगळ्यांवर शंका घेणारी तू, माझ्यावर घेतली नाहीस. त्याच दुपारी सरांची माफी मागितलीस, मला चिठ्ठी लिहिलीस आणि महिन्याभरात सामान बांधलंस. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी फक्त हवामान लिहिलंय.

भीतीने खोटं बोलले, असं म्हटलं की सोपं जातं. पण तू बरोबर ठरलीस तर मी कोण, हेही मनात होतं.

परवा आपला तो पेपर मागे घेण्याचं पत्र जर्नलला पाठवलं, वहीतल्या त्या दोन पानांसकट. पेपरवर तुझंही नाव आहे, तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये. सरांना समोर बसून सांगितलं. ते म्हणाले, "महिनाभर थांबली असतीस." विद्यार्थिनीला सांगितलं की तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने विचारलं, "मग मॅडम, सातव्यांदा का करायला लावलंत?"

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. चित्र अजून भिंतीवर आहे. काढायचं कुणी, हे ठरत नाही, आणि मी त्याच्यासमोरूनच ये-जा करते.

तुझी चिठ्ठी इतकी वर्षं रोजनिशीत ठेवली होती: "माझी शंका चुकीची होती. तुला त्रास दिला, माफ कर." ती सोबत परत पाठवते आहे. उत्तराची वाट पाहणार नाही, असं लिहिणार होते. तेही खोटं झालं असतं.

तुझी,
जिने तेव्हाच पाहिलं होतं, ती